घटस्फोट वाढले म्हणजे नेमकं काय वाढलं?

आपल्याकडे घटस्फोट नव्हता, तो शहरातून आला, असं कर्जत-खालापूर भागात सर्रास म्हटलं जातं. ते खरं नाही. उल्हास आणि पाताळगंगेच्या या खोऱ्यात आगरी, कुणबी, मराठा, धनगर, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी असा समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. यातल्या बहुतेकांमध्ये न पटणारं लग्न मोडायची रीत होती. पंच बसायचे, दोन्हीकडचं ऐकायचे, लग्नाचा खर्च कोणी कोणाला परत करायचा ते ठरवायचे आणि काडीमोड व्हायची. बाई पुढे पाट लावून दुसऱ्या घरी नांदायला जायची. आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने १८२७ साली मुंबई सरकारसाठी दख्खनच्या जातींचे रिवाज गोळा करून छापले. सोडचिठ्ठी आणि पाट किती जातींत चालत होते, हे त्यात वाचायला मिळतं. लग्न म्हणजे मरेपर्यंतची गाठ, हा नियम ब्राह्मण आणि त्यांच्यासारख्या थोड्या घरांचा होता.

मग तो सगळ्यांचा कसा झाला? दोन वाटांनी. एक वाट न्यायालयाची. जातीच्या पंचांनी परवानगी दिली म्हणून नवरा हयात असताना बाईने लावलेला पाट कायदेशीर ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली सांगितलं. दुसरी वाट प्रतिष्ठेची. हातात थोडा पैसा आला, मुलगा शाळामास्तर झाला किंवा गिरणीत लागला, की घराण्याची इज्जत म्हणून पाट बंद. शंभरेक वर्षांत हे इतकं मुरलं की आजोबांच्या पिढीला काडीमोड झाली होती, हे नातवंडांना ठाऊकच नाही.

या सगळ्याच्या मधोमध रखमाबाईंचा खटला आहे. त्या सुतार समाजातल्या. त्यांच्या आईनेच विधवा झाल्यावर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं, पण त्या नवऱ्याच्या घरी नांदायला गेल्याच नाहीत. नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ साली मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. १८८७ मध्ये मात्र नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. आपण तुरुंगात जाऊ, असं त्यांनी कळवलं. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली. सप्टेंबर १९५५ मध्ये त्या वारल्या. हिंदू विवाह कायदा त्याच वर्षी मे महिन्यात लागू झाला होता.

कायद्याचा हा प्रवास नीट समजून घ्यायला हवा, कारण आकडे वाढण्याचं निम्मं कारण त्यातच आहे. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज राजवटीने १९१० सालीच घटस्फोटाचा कायदा केला होता. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली हिंदूंसाठी केला. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला आणि सगळ्या देशात १९५५ साली. पण १९५५ च्या कायद्यात क्रूरता हे घटस्फोटाचं कारण नव्हतं. नवरा मारतो म्हणून बाई कोर्टात गेली, तर तिला फक्त न्यायिक विभक्तता मिळे. म्हणजे वेगळं राहायची मुभा मिळे, पण लग्न कायम. पुण्याच्या एका मराठी दांपत्याचा दास्ताने खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७५ साली न्या. यशवंतराव चंद्रचूड यांनी निकाल दिला, तोही विभक्ततेचाच खटला होता. क्रूरता फौजदारी गुन्ह्याइतकी काटेकोर सिद्ध करायची गरज नाही, कोणती बाजू जास्त संभवनीय वाटते ते पाहायचं, हे तत्त्व त्या निकालाने घालून दिलं.

पुढच्याच वर्षी, १९७६ मध्ये, कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. क्रूरता आणि दोन वर्षांचा त्याग ही घटस्फोटाची कारणं झाली. आणि कलम १३-ब आलं: दोघांची संमती असेल तर कोणाचा दोष सिद्ध करायची गरज नाही. आज आपण ज्याला घटस्फोट म्हणतो, तो सामान्य माणसाच्या आवाक्यात या दुरुस्तीनंतर आला. आधी मोजण्याजोगं काही फारसं नव्हतंच.

आता मोजणीकडे येऊ. भारतात घटस्फोटांची देशव्यापी नोंद ठेवणारी यंत्रणा नाही. आधार आहे तो जनगणनेचा. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित माणसं सुमारे १३.६ लाख निघाली. विवाहितांच्या तुलनेत हे प्रमाण ०.२४ टक्के, म्हणजे जगाच्या मानाने फारच कमी. पण त्याच जनगणनेत पहिल्यांदाच 'विभक्त' असा वेगळा रकाना होता, आणि त्यातली संख्या घटस्फोटितांच्या अडीचपटीहून जास्त भरली. दोन्ही रकान्यांत बायका पुरुषांपेक्षा जास्त, कारण पुरुष दुसरं लग्न करून त्या रकान्यातून बाहेर पडतो.

हा विभक्तांचा रकाना महाराष्ट्राला नवा नाही. संगमनेरला १९८८ साली समता आंदोलनाच्या निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्ता परिषद भरवली आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा प्रश्न पहिल्यांदा चव्हाट्यावर आणला. ही बाई ना सासरची, ना माहेरची. भावाच्या पडवीत राहायचं, त्याच्या शेतात राबायचं, वहिनीचं बोलणं ऐकायचं. गळ्यात मंगळसूत्र, पण नवरा दुसरीबरोबर. कर्जत-खालापूरच्या गावांतही अशा बायका होत्या, आजही आहेत. कोणी त्यांना मोडलेल्या संसारात धरलं नाही, कारण कागद झाला नव्हता. पूर्वी संसार मोडत नव्हते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच भावकीत अशा किती आत्या आणि मावश्या होत्या ते आठवून पाहावं. आज घटस्फोट म्हणून मोजल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी म्हणजे हीच जुनी विभक्तता, फक्त आता ती कोर्टाच्या कागदावर आली आहे.

पण सगळी वाढ मोजणीची नाही. संसार सोडण्याचं प्रमाणही खरोखर वाढलं आहे, आणि ते का, हे या दोन तालुक्यांत फार स्पष्ट दिसतं.

खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झालं. पुढे कागद आणि पोलादी नळ्यांचे कारखाने आले, रसायनीत १९६० च्या दशकात हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स, मग पाताळगंगेची एमआयडीसी. या सगळ्यात पगार आला तो पुरुषाच्या हातात. बाईच्या हातात तो बराच उशिरा आला: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, औषध कंपन्यांतलं पॅकिंग. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण सुरू झाल्यावर रिसॉर्टं आणि फार्महाऊसं उभी राहिली, त्यांतली कामं आली. शिवाय लोकल पकडून ठाणे-दादरची नोकरी. नोकरी करणाऱ्या बायका संसार मोडतात, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. कारण उलटं आहे. न जमणारा संसार आधीच असतो. पूर्वी त्या बाईसमोर दोनच दारं होती, सासर आणि माहेर. महिना दहा-बारा हजार मिळवणारी बाई कर्जतला किंवा खोपोलीला एक खोली भाड्याने घेऊ शकते, मुलाची फी भरू शकते. हे तिसरं दार तिच्या आईच्या पिढीला नव्हतं. ते उघडं आहे एवढं कळलं, तरी मार खात राहण्याचं कारण उरत नाही.

लोकलचं गणित घरातल्या भांडणात कसं उतरतं ते जवळून पाहू. कर्जत ते मुंबई अंतर शंभर किलोमीटर, एका बाजूला दोन तासांच्या आसपास. स्टेशनपासून गाव आणखी पाच-सात किलोमीटर, रिक्षा मिळाली तर. समजा, कडावजवळच्या एका गावातली सून दादरला नोकरी करते. ती पहाटे साडेचारला उठते, डबे करते, सहाच्या आत घर सोडते. परत यायला रात्रीचे साडेआठ. आल्यावर भाकऱ्या तिनेच टाकायच्या, कारण सासूने दिवसभर नातवंडं सांभाळली आहेत आणि तीही थकली आहे. नवरा त्याच गाडीने आलेला असला तरी तो ओट्यावर बसून चहा मागतो. हे कोणी वाईट आहे म्हणून घडत नाही. सून कमावती हवी हे सगळ्यांनी मान्य केलं, पण चूल कोणी वाटून घ्यायची हे कोणी ठरवलंच नाही. लग्नाची बोलणी करताना मानपान, दागिने, हॉल, हळदीचा डीजे यांवर चार-चार बैठका होतात. या विषयावर एकही होत नाही.

सोयरीक जुळवण्याची रीतही पालटली. पूर्वी मुलगी दहा-पंधरा गावांच्या टापूत दिली जायची. मध्ये पडलेला माणूस दोन्ही घरांचा, खटकलं तर तोच जाऊन बसायचा. आता स्थळ बदलापूरचं, पनवेलचं, डोंबिवलीचं, मोबाइलवर जुळलेलं. भांडण झालं की दोन्ही घरांना ओळखणारा माणूसच नसतो. २००७ पासून गावोगावी तंटामुक्ती समित्या झाल्या, पण सून बाहेरची असेल तर ती समिती तिला सासरचीच वाटते. शिक्षणाचंही आहे. कर्जत, खोपोलीत महाविद्यालयं झाल्यापासून मुली पदवीपर्यंत जातात, मुलगा बारावी किंवा आयटीआयवर थांबलेला असतो. घरच्यांना वाटतं, जमीन आहे, पुरे झालं. मुलीला ते पुरेसं वाटत नाही, आणि तसं वाटण्यात गैर काही नाही.

माहेरच्या फोनवर सगळे खापर फोडतात. मुलीचा संसार तिची आई फोनवरून चालवते, ही तक्रार काही घरांत खरीही आहे. पण याच फोनमुळे मुलीला मारलं हे त्याच रात्री कळतं. पूर्वी ते दिवाळीला माहेरी आल्यावर, दंडावरचा वळ पाहून कळायचं, आणि कधीकधी कळायचंच नाही.

जमिनीचा भाग या पट्ट्यात सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि घटस्फोटाच्या चर्चेत तो कोणी काढत नाही. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा दिला. केंद्राने तो २००५ मध्ये दिला. नेमक्या त्याच काळात इथे भातशेतीच्या जमिनींना फार्महाऊसवाल्यांमुळे भाव आला. मग प्रत्येक विक्रीआधी बहिणींच्या सह्या लागू लागल्या. बहीण हक्कसोडपत्र करून देते. "माहेर तुटायला नको" हे तिचं कारण खरं असतं. साडी-चोळी होते, भाऊ भाऊबीजेला येतो. पुढे काही वर्षांनी तिचा संसार मोडतो आणि ती मुलं घेऊन त्याच घरी येते. तेव्हा सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं. भावाने ठेवून घेतलं तर उपकार, नाही ठेवलं तर बोलायला जागा नाही. ज्या बहिणीने सही दिलेली नाही, तिला घरात मान वेगळा मिळतो, हे गावागावांत दिसतं. जमीन विकून आलेल्या पैशाने दुसरंही एक काम केलं. घरात काम नसलेला आणि हातात रोकड असलेला तरुण वर्ग तयार झाला, आणि दारू वाढली. संसार मोडण्याच्या कहाण्यांत दारूचा उल्लेख नाही अशी कहाणी शोधावी लागेल.

आदिवासी वाड्यांचं मात्र सगळंच वेगळं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे, केंद्र सरकारने अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांचं लग्न आणि मोडणं दोन्ही रिवाजाने चालतं. लग्नाचा खर्च झेपत नाही म्हणून जोडपं आधी एकत्र राहतं, मुलं होतात, लग्न सवडीने लागतं. पावसाळा संपला की वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जायचं, तिथेच काही संसार तुटतात. हे कुठल्याच आकड्यात येत नाही. आणि त्रास नेमका तिथेच होतो, कारण सरकारी योजनेला कागद लागतो. वेगळी शिधापत्रिका असो की संजय गांधी निराधार योजना, "नवऱ्यापासून वेगळी आहेस याचा पुरावा काय?" हा प्रश्न येतो. तिच्याकडे लग्नाचाही पुरावा नसतो. अशा बाईला एवढं तरी माहीत असायला हवं की घटस्फोटाचा कायदा तिला लागू नसला, तरी पोटगीचा आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा लागू आहे. या दोन्ही अर्जांसाठी तालुक्याचं प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय पुरतं.

बिगर-आदिवासी हिंदू आणि बौद्ध जोडप्यांसाठी रस्ता असा असतो. लग्नाला वर्ष झाल्याशिवाय सहसा अर्ज करता येत नाही. दोघं राजी असतील तर आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या छपराखालीच असं नाही. एका घरात राहूनही नवरा-बायको म्हणून न राहणं चालतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली स्पष्ट केलं आहे, आणि दुसरं घर नसलेल्यांना हे कळणं गरजेचं आहे. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हा अर्ज वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जातो. पहिली हजेरी, मग सहा महिने थांबायचं, मग दुसरी हजेरी आणि हुकूमनामा. समेटाची आशाच नसेल आणि मुलं, पोटगी यांचं सगळं ठरलेलं असेल, तर हे सहा महिने माफ करता येतात, असा निकाल २०१७ साली झाला. अर्जाला जोडलेल्या अटी वाचल्या तर संसार कसा वाटला जातो ते दिसतं: मुलगा कोणाकडे, बाप कोणत्या रविवारी भेटणार, एकरकमी किती, डाग-दागिने कोणाचे, कपाट आणि पितळी भांडी कोण नेणार. लग्नात केलेली यादी जपून ठेवलेली असली तर इथे कामाला येते. दोघांपैकी एक राजी नसेल, तर क्रूरता किंवा त्याग सिद्ध करावा लागतो आणि वर्षं जातात. पोटगीसाठी दोघांनीही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, हे २०२० पासून बंधनकारक आहे. पगार लपवणं त्यामुळे थोडं अवघड झालं आहे.

हा रस्ता लांब आहे म्हणून लोक आडवाट धरतात, आणि मला ज्याची खरी काळजी वाटते ती हीच आडवाट. स्टॅम्पपेपर आणायचा, त्यावर फारकतनामा टाइप करायचा. "आम्हा उभयतांचे पटत नसल्याने आम्ही राजीखुशीने विभक्त झालो असून यापुढे आमचे पती-पत्नीचे नाते राहिलेले नाही. कोणीही दुसरे लग्न केल्यास हरकत नाही. पत्नीने पोटगीचा हक्क सोडला आहे." खाली दोन सह्या किंवा अंगठे, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. दोन्ही घरं सुटकेचा श्वास टाकतात. पण हा घटस्फोट नाही. कायद्याने रिवाजी काडीमोड अजून मान्य आहे, पण तसा रिवाज आपल्या समाजात चालत आला आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने ते सिद्ध होत नाही. म्हणून या कागदाच्या भरवशावर केलेलं दुसरं लग्न बेकायदा ठरू शकतं, आणि दुसऱ्या बायकोला, जिने काहीच चुकीचं केलेलं नसतं, तिलाही पत्नीचा हक्क मिळत नाही. पहिलीचं नुकसान आणखी आहे. परस्परसंमतीने वेगळं राहणाऱ्या पत्नीला पोटगी नाकारण्याची तरतूद कायद्यात आहे. "राजीखुशीने विभक्त" हे एक वाक्य पुढे करून तिचा अर्ज फेटाळायला सांगितलं जातं. रीतसर घटस्फोट झालेली बाई मात्र दुसरं लग्न करेपर्यंत पोटगी मागू शकते.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० पासून दोष न दाखवता घटस्फोट द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुटुंबसंस्था बुडाली अशीच ओरड झाली. दहा-बारा वर्षं प्रमाण चढत राहिलं, मग उतरायला लागलं आणि गेली चाळीस वर्षं एकंदरीत उतरतंच आहे. साचलेले संसार आधी बाहेर पडले. पुढच्या पिढीने लग्न उशिरा आणि विचार करून केलं. इथेही तसंच होईल का, ते लग्न जुळवताना आपण चुलीचं आणि पगाराचं बोलतो की नाही, यावर अवलंबून आहे.

ज्यांच्या घरात आज हा प्रश्न उभा आहे त्यांना एकच विनंती. बैठकीत कोणी फारकतनाम्याचा स्टॅम्पपेपर पुढे केला, तर सही करू नका, बहिणीला करू देऊ नका. आधी न्यायालयाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. महाराष्ट्रात पोटगी आणि घटस्फोटाच्या दाव्यांत स्त्रियांना कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे. वकीलही फुकट मिळतो, आणि स्त्रियांसाठी त्याला उत्पन्नाची अट नाही.